कुंदाच्या वतीने

४ ऑक्टोबर २००३

मी कुंदाला दंड धरून वाफ्याबाहेर ओढत आणलं तेव्हा ती हसत होती. गाऊनची ओटी करून त्यात झेंडू भरलेले. मागे डाग, तळहाताएवढा. बांधावर व्यापारी, त्याचे हमाल, पेठ तालुक्यातली मजूर माणसं. सगळ्यांनी पाहिलं. मग सगळ्यांनी एकदमच दुसरीकडे पाहिलं.

माझी भावजय सुनंदा ओट्यावरून ओरडली, "थांबा! तोडू नका कुणी! फुलांना हात लावू नका!"

उद्या दसरा. मळ्यातला वर्षातला सगळ्यात घाईचा दिवस, आणि तोडणी बंद. माणसं रिकाम्या क्रेटवर बसून राहिली.

कुंदाला न्हाणीत नेलं, धुतलं, कोरडं केलं. ती सारखी म्हणत होती, "आक्का, फुलं. माझी फुलं." सदतीस वर्षांची आहे माझी बहीण.

बाहेर आले तर सुनंदा वाफ्यात गोमूत्र शिंपडत होती. आमची फुलं देवळांत जातात. त्या दिवसांत बाईनं वाफ्यात पाय ठेवायचा नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, माहीतच असतं. व्यापारी वाट पाहून शेजारच्या मळ्यात गेला.

रमेश ओरडला नाही. माझा भाऊ ओरडणारा माणूस आहे. त्याचं न ओरडणं

संध्याकाळी, ओट्यावर. सुनंदा म्हणाली, "सासूबाई होत्या तवर असं कधी झालं नाय, आक्का. त्या दिवसांत त्या हिच्या पुढ्यात मेथीची पाटी ठेवायच्या. ही बरोबर ओळखायची. चार दिवस ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधायच्या, मग न्हायचं, मग फुलं."

"मग आता काय झालं?" रमेशनं विचारलं. मला नाही, कुंदाला. कुंदा हसली.

काय झालं ते मला माहीत आहे. आई फेब्रुवारीत गेली. कुं. तेव्हापासून माझ्या फ्लॅटवर. पहिल्याच महिन्यात, तिच्या त्या दिवसांत, मी तिला हाताला धरून आईच्या फोटोपाशी नेलं होतं. म्हटलं होतं, वाहा फूल, काही होत नाही, कशालाही हात लाव. तिला ते फार आवडलं. दर महिन्याला आठवणीनं करायची. मी शिकवते त्या कॉलेजात दोघींना सांगितलंही होतं, कौतुकानं.

सुनंदा भांडी उचलता उचलता म्हणाली, "पिशवी काढून टाकू तिची. एकदाचं मोकळं."

भाजी निवडून टाकू, म्हणावं तसं.


५ ऑक्टोबर

दसरा. कुंदानं सोसायटीच्या वॉचमनला तीनदा सोनं दिलं. त्यानं तिन्ही वेळा कपाळाला लावून घेतलं.

रमेश सोनं द्यायला आला नाही. असं पहिल्यांदाच.


११ ऑक्टोबर

रमेश आला. शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे तो आणि सुनंदा जाऊन आले. त्या म्हणाल्या, बाई सज्ञान आहे, तिच्या वतीनं सही करायला कायदेशीर पालक लागतो, नेमणुकीचा कागद आणा.

"कलेक्टर कचेरीत समिती असते त्याची. अर्ज टाकलाय मी."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू भाषण दिलं असतंस."

अठरा पुरी झाल्यावर अशा माणसाला वेगळा पालक नेमून घ्यावा लागतो, हे आईलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं कुंदाचं कुणीच नव्हतं, कायद्यानं.

मी म्हटलं, ऑपरेशन कशाला? तिला काही आजार नाही.

तो खाली पाहत बोलला. मळ्यात चाळीस माणसं कामाला. अर्धी परकी. पलीकडच्या वस्तीवर अशीच एक मुलगी होती, तिचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पाचव्या महिन्यापर्यंत घरच्यांना कळलं नाही. "मी किती ठिकाणी बघू, आक्का?"

मी म्हटलं, पिशवी काढल्यानं पोट राहणार नाही. पण तिला कुणी हात लावायचा थांबणार आहे का? उलट कळणारसुद्धा नाही.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही घाणेरडं बोलले.

तेवढ्यात कुंदा आली. त्याच्या खिशावर थापट्या. "रम्या, गोळी." त्यानं लिमलेटची गोळी काढली. त्याच्याकडे असतेच. लहानपणी हिला पाठुंगळी मारून शाळेच्या दारापर्यंत न्यायचा. शाळेनं घेतलं नव्हतं तरी न्यायचा, हिला घंटा ऐकायला आवडते म्हणून.

जाताना म्हणाला, "तू पण कर अर्ज. आणि सांग त्यांना, कॉलेजला जाताना काय करतेस ते."

बाहेरून कुलूप लावते. अकरा ते चार.


१४ ऑक्टोबर

अर्ज दिला. टेबलावरचे कारकून सज्जन. दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, "मॅडम, जागा एक आणि उमेदवार दोन. बहुतेक वेळा उलटं असतं. एकही नसतो."

हसले. मीही.

सातबाऱ्यावर कुंदाचंही नाव आहे. तो विषय रमेशनं काढला नाही. मीही नाही. पण घरी येताना रिक्षात तोच डोक्यात. आपल्या भावाबद्दल असं मनात येतं, याची भीती वाटली.


भाऊबीज

कुंदाला सकाळी तो घेऊन गेला. मी गेले नाही. सहापर्यंत आणून सोडतो म्हणाला.

सात. साडेसात.

मळ्यातला फोन कुणी उचलेना.

आठनंतर आले. "टायर गेला होता." कुंदा पेंगुळलेली, त्याच्या खांद्यावर डोकं टाकून. मी विचारलं, एवढी का झोप? "नाचली दिवसभर पोरांबरोबर."

नवी साडी नेसवून पाठवली आहे. सुनंदानं हिरव्या बांगड्याही भरल्यात.


दुसऱ्या दिवशी

अंघोळीला पाणी काढलं. साबण लावताना पोट पाहिलं. बेंबीखाली, बाजूला, सगळीकडे. काही नाही. जन्मापासूनचा तीळ तेवढा.

तिला गुदगुल्या झाल्या. हसायला लागली. मी न्हाणीघरातच खाली बसले.

रमेश असा नाही. हे मला माहीत आहे. माहीत असूनही पाहिलं.


३ नोव्हेंबर

तिचे दिवस. बाजारातून मेथी आणली, पाच जुड्या. सोडून पाटीत घातल्या, पुढ्यात ठेवल्या, सुतळी दिली. आई करायची तसं सगळं.

तिनं पाटी बाजूला सारली. उठून आईच्या फोटोपाशी गेली आणि हात पुढे केला. "फूल."

मी म्हटलं, आज मेथी. ती म्हणाली, "नाय. फूल. काय नाय होत." माझेच शब्द, माझाच आवाज.

आईला तिला हे शिकवायला किती वर्षं लागली असतील. मी ते किती चटकन

मेथीची भाजी केली. खाताना तिनं दोनदा विचारलं, नवी कुठाय. नवी म्हणजे सुनंदा. तिच्या लग्नाला वीस वर्षं होत आली, अजून नवीच.


१९ नोव्हेंबर

घरी आले तर सोसायटीत गर्दी. आमच्या दाराला कुलूप नव्हतं. कोयंडा उचकटलेला.

लाइट गेले, टीव्ही बंद पडला. टीव्हीच्या काळ्या काचेत तिला कुणीतरी दिसलं. स्वतःच दिसली असेल. ती खिडकीशी जाऊन ओरडायला लागली, ताटानं गज बडवायला लागली. कुलूप बाहेरून. वॉचमननं कॉलेजात फोन केला, मी तासावर, निरोप पोहोचला नाही. मग मळ्यात केला. रमेशनं व्हॅनमधल्या लोखंडी टॉमीनं कोयंडा तोडला.

आत तो जमिनीवर बसलेला. तिचं डोकं मांडीवर. दोन्ही मनगटं सुजलेली, एका बोटाचं नख गेलेलं. सुनंदानं भरलेल्या बांगड्यांचे तुकडे खिडकीपाशी.

"हे तुझं घर?" तो म्हणाला. हळू म्हणाला.

मी बांगड्यांचे तुकडे वेचायला लागले.

"मळ्यात तिला दार नाही गं. दारच नाही कुठं."

ते खरं आहे. तेच मला भिववतं आणि तेच खरंही आहे.


२४ नोव्हेंबर

समोरच्या कुलकर्णी वहिनी दोन ते चार तिच्यापाशी बसायला तयार झाल्या. अकरा ते दोन कुलूप.

मला पंचावन्न, तिला सदतीस. साधी वजाबाकी. मी नेमली गेले तरी नंतर सही रमेशचीच. किंवा त्याच्या मुलांची.

मग हे सगळं कशासाठी. काही वर्षांसाठी?

हो. काही वर्षांसाठी.


९ डिसेंबर

दुपारी सुनंदा आली. एकटी. पिशवीत वांगी, ओला लसूण, मक्याची कणसं. कुंदा "नवी! नवी!" करत तिच्या गळ्यात पडली. सुनंदानं तिची वेणी सोडून पुन्हा घातली. मी घालते त्याहून घट्ट, सुरेख.

समजवायला आली होती. म्हणाली, "तुम्ही उगाच भ्या घेताय, आक्का. काय होत नाय. माझी काढलीच की."

मला माहीत नव्हतं. माझ्या भावाच्या घरातली गोष्ट, आणि मला माहीत नव्हतं.

"कधी?"

"धाकटा दोन वर्षांचा होता. एकोणतिसावं लागलं होतं मला. तुम्ही तेव्हा पुण्याला होता, त्या तुमच्या पीएचडीला."

"का काढली?"

"अंगावर जायचं लय. डॉक्टर म्हणाले ठेवलीत तर कॅन्सर होईल. निफाडला, माझ्या माहेराकडं. मोठा डॉक्टर हाय. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या तिथंच झाल्यात. तिथं तुमच्या डॉक्टरीणबाईसारखं कागदबिगद नाय मागत. घरच्या माणसानं सही केली की झालं."

"सही कुणी केली?"

"ह्यांनी."

"आणि तू?"

"मी कशाला? मी टेबलावर होते."

हे ती विनोदानं बोलली नाही. साधं सांगितलं.

कुंदा कणीस सोलत होती. केस एकेक करून ओढत होती आणि मांडीवर रचत होती.

मग सुनंदा म्हणाली, "सासूबाईंना बरं वाटलं तेव्हा. महिन्यातले चार दिवस घरची एक बाई वाफ्याबाहेर, म्हणजे एक हात कमी. दसऱ्याला, दिवाळीला तर हातच पुरत नाय. माझं मोकळं झालं तेव्हापासून मला बारा महिने तीसही दिवस फुलांत जाता येतं. सुट्टीच नाय." हसली. "आधी ते चार दिवस ओट्यावर बसायला मिळायचं. कुंदाबरोबर मीबी मेथी बांधायचे. दोघी बसायचो. ही गाणी म्हणायची, उलटीसुलटी."

"आता त्रास होतो काही?"

"अंगाची आग होते. थंडीतसुद्धा. कंबर गेली. डॉक्टर म्हणतो वय झालं. सदतीस वय होतं का, आक्का?"

कुंदाएवढी आहे ती. मी कधी हिशेबच केला नव्हता.

उठताना पुन्हा म्हणाली, "करून टाकू तिची. तिला काय कळणार हाय?" पण आवाज आली तेव्हासारखा नव्हता. जिना उतरताना कठडा धरून उतरली.


१० डिसेंबर

काल लिहिलं ते वाचलं. निफाडचा डॉक्टर. कागद मागत नाही.

म्हणजे समिती काय म्हणते याच्याशी त्याचा काही संबंधच नाही. रमेशला हे सुचलं नसेल? सुनंदाला सुचलं ते त्याला सुचलं नसेल?

की ती मला सांगायलाच

नाही. उगाच काही वाचू नये तिच्या बोलण्यात. पुस्तकं शिकवणाऱ्या बाईची खोड.


३१ डिसेंबर

कॉलेजला नाताळची सुट्टी. आठवडाभर कुलूप नाही. कुं. खूश. कुकरच्या शिट्टीबरोबर शिट्टी घालते.

दाराची बेल वाजली की मी आधी साखळी लावते. दूधवाला असतो.


१६ जानेवारी २००४

सुनावणी. कलेक्टर कचेरी, दुसरा मजला. लांब टेबल. मधे अधिकारी, एका बाजूला एका संस्थेच्या बाई, दुसऱ्या बाजूला कुबड्या भिंतीला टेकवून बसलेले एक गृहस्थ. तिघंही आवाज न चढवता बोलणारे. त्यानं अधिक भीती वाटली.

रमेश इस्त्रीचा शर्ट घालून. सुनंदा डोक्यावर पदर घेऊन. कुंदा दोघांच्या मध्ये बसली, माझ्याकडे नाही. तिथं खुर्ची मोकळी होती म्हणून. पण सगळ्यांनी ते पाहिलं.

मला पहिला प्रश्न: "आपण कुलूप लावून जाता?"

"हो."

"किती वेळ?"

"आता तीन तास. आधी पाच."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं.

रमेशला: घरी कोण कोण, कामाला माणसं किती, हिच्याकडे लक्ष कोण देतं. तो म्हणाला, सगळेच. संस्थेच्या बाई म्हणाल्या, "सगळे म्हणजे कोण?" तो सुनंदाकडे पाहायला लागला. सुनंदा टेबलाकडे.

मग मी ऑपरेशनचं सांगितलं. सांगायचं ठरवूनच आले होते. आजार नाही, तपासणी नाही, सोय म्हणून. दसऱ्याचं सांगितलं. मेथीचं सांगितलं. माझी चूकही सांगितली.

रमेशच्या कानाच्या पाळ्या लाल. "साहेब, ह्या घरातल्या बायकांच्या गोष्टी आहेत. इथं कशाला?"

कुबड्यावाले गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. कुंदाला म्हणाले, "ताई, तुम्हाला कुठं राहायचंय?"

तिला कुणी अहो-जाहो करत नाही. तिनं मागे वळून पाहिलं, कुणाला विचारताहेत म्हणून.

"तुम्हालाच विचारतोय. मळ्यात की मोठ्या बहिणीकडे?"

कुंदानं नीट विचार केला. कपाळाला आठी घातली. मग म्हणाली, "चहा."

सगळे हसले. त्यांनी शिपायाला खरंच चहा आणायला सांगितला. ती बशीत ओतून प्यायली, फुंकर घालत, आणि सगळं टेबल तिचं पिणं संपेपर्यंत थांबलं.

शेवटी संस्थेच्या बाई रमेशला म्हणाल्या, "पालक कुणालाही नेमलं तरी असं ऑपरेशन समितीला विचारल्याशिवाय करणार नाही, एवढं दोघांनी लिहून द्या. मग बाकीचं ठरवू."

मी लगेच लिहून दिलं.

रमेश म्हणाला, "घरी विचार करून सांगतो." पेन उघडून परत बंद केलं त्यानं. निर्णय पुढच्या महिन्यात. तोवर कुंदा आहे तिथंच.

बाहेर व्हरांड्यात मला गाठून म्हणाला, "चार परक्या लोकांसमोर माझ्या बहिणीची पाळी काढलीस. आईनं हे ऐकलं असतं तर."

त्याचे डोळे भरले होते. मी त्याच्या दंडाला हात लावायला गेले. तो जिना उतरून गेला.


२२ जानेवारी

रमेशनं अजून लिहून दिलेलं नाही. कचेरीत फोन करून विचारलं.

उद्याही करीन.


२ फेब्रुवारी

कुं. ला ताप. रात्रभर कपाळावर पट्ट्या. सकाळी उतरला. कॉलेजला गेले नाही. कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "भावाला कळवू का?" मी इतक्या घाईनं नको म्हटलं की त्या चपापल्या.

घाबरत घाबरत माणूस कसा होतो ते माझ्याकडे पाहून कळेल. आजारी बहिणीचं तिच्या भावाला कळवू देत नाही मी.


९ फेब्रुवारी

रमेशचा फोन. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच नीट बोलला. शुक्रवारी आईचं वर्षश्राद्ध. "आदल्या दिवशी ये मुक्कामाला. कुंदाला घेऊन ये. आईचं आहे, आक्का. भांडण दोन दिवस बाजूला ठेवू."

मी म्हटलं, ते लिहून दिलंस का?

"श्राद्ध होऊन जाऊ दे. मग बघतो."

आईच्या श्राद्धाला तिच्या लेकीला नेणार नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणू. येते म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, आवाज फारच मऊ होता. मग वाटलं, भाऊ मऊ बोलला तरी तुला भीती.


१२ फेब्रुवारी

मळा. दुपारी आलो. शेवंती संपत आली आहे, गुलाब भरात. कुंदानं अंगणात पाय ठेवला आणि धावत सुटली, गोठा, विहिरीची मोटार, गुलाबाचे वाफे, सगळ्यांना हात लावत. तिचे दिवस नाहीत. मी आधी कॅलेंडर पाहून आले होते.

आई गेल्यापासून तिला अशी पाहिली नव्हती. दार नाही, हे त्याचं म्हणणं. इथं ती मोठी दिसते, उंच दिसते. माझ्याकडे ती एका खोलीएवढी होते.

रमेशनं तिच्यासाठी स्वतः गुलाब तोडून दिला, काटे काढून. जेवताना तिच्या ताटात पुरणपोळी, तूप जास्त. हसतखेळत जेवलो. त्यानं लहानपणीच्या घंटेची गोष्ट काढली. मी इतकी हसले की ठसका लागला. सुनंदा कमी बोलत होती. उद्याच्या स्वयंपाकाची काळजी असेल.

मधल्या खोलीत अंथरुणं. कुंदा माझ्या शेजारी, दाराच्या बाजूला मी. रमेश म्हणाला, "एवढी कुठं राखण करतेस, आक्का? आपलंच घर आहे."

चेष्टेत म्हणाला.


१३ फेब्रुवारी

सकाळी जाग आली तर शेजारची गोधडी घडी करून ठेवलेली. कुंदा गोधडीची घडी घालत नाही.

अंगणात व्हॅन नव्हती.

सुनंदा गॅसपाशी. म्हणाली, "मार्केटला गेलेत दोघं. नऊपर्यंत येतील." मला चहा दिला.

"कुंदानं घेतला?"

"नाय. हे म्हणाले, श्राद्ध हाय, तिला पाणीबी देऊ नको."

माझा कप अर्धा झाला होता.

रमेशचा मोबाईल बंद. नऊ वाजून गेले. गुरुजी आले, ओट्यावर पाटावर बसले, दर्भ मागितले. दर्भ कुठं ठेवलेत ते रमेशला माहीत.

सुनंदानं भाताचं आधण ठेवलं होतं. मी दारात उभी. तीच बोलली, माझ्याकडे न पाहता. "निफाडला ऑपरेशनं दुपारून करतात. सकाळी नुसतं झोपवून ठेवतात."

मग तिनं गॅस बंद केला. पातेलं खाली उतरवलं. पदराला हात पुसले. ओट्यावर येऊन म्हणाली, "गुरुजी, बसा. आम्ही येतो."

रस्त्यावर रिक्षा मिळाली. निमाणी स्टँडवर निफाडची गाडी उभीच होती. हे गाडीतच लिहिते आहे. सुनंदानं कंडक्टरकडे दोन जायची आणि तीन यायची तिकिटं मागितली. यायची आत्ता मिळत नाहीत, असं तो म्हणाला.